अंग गार पडलंय, म्हणजे माणूस गेला का?

आयसीयूच्या दारात खानापूर तालुक्यातली एक आक्का काखेत वाकळ धरून उभी होती. नवऱ्याच्या अंगावर घातलेली ती वाकळ नर्सनं दोनदा काढली होती, आणि ते भांडण माझ्यापर्यंत आलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

"त्येंचं अंग बर्फावानी गार पडलंय ओ मॅडम. मेल्याल्या माणसाला नळ्या कशाला लावलायसा? बिलासाठी?"

हा प्रश्न मला नवा नाही. निपाणी असो की येळ्ळूर, अंग गार पडलं याचा आपल्याकडं एकच अर्थ. बिलाच्या संशयाचाही मी राग मानत नाही. आतलं बोलणं इंग्रजीत, सहीचा कागद कन्नडात आणि बाहेर बाकड्यावर बसलेली माणसं मराठी. संशय येणारच.

भात लावणीच्या चिखलातच ते कोसळले होते. पुतण्या छाती दाबत राहिला. दवाखान्यात शॉक दिल्यावर हृदय सुरू झालं, शुद्ध मात्र आली नाही. डॉक्टरांनी अंग ३३ अंश सेल्सिअसवर ठेवायचं ठरवलं. मुलानं मॉनिटरवरचा हा ३३ वाचला आणि बाबांचा मेंदू तेहतीस टक्केच उरलाय अशी समजूत करून घेतली. "पस्तीसला पास असतंय की ओ," म्हणाला. मी हसू दाबलं. तो आकडा फक्त तापमानाचा आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी आक्काला विचारलं, "भाताचा तरवा उपटल्यावर रोपांच्या पेंढ्या कुठं ठेवता?"

"सावलीत. उन्हात सुकतोय की."

"मुळं पाण्याबाहेर असतात. सावलीत त्याला पाणी कमी लागतं, म्हणून तग धरतो. यांच्या मेंदूचं तेच चाललंय."

मेंदू वजनानं शरीराच्या दोनच टक्के, पण प्राणवायू लागतो वीस टक्के. हृदय थांबलं की काही सेकंदांतच शुद्ध जाते. लोकांना वाटतं, हृदय सुरू झालं म्हणजे पाणी शेतात आलं. तसं नसतं. सुरुवातीला मेंदूत रक्ताचा लोंढा येतो आणि मग कित्येक तास प्रवाह नेहमीपेक्षाही कमी होतो, कारण बारीक रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात. रक्तदाब घसरला तर प्रवाह सांभाळून घ्यायची मेंदूची स्वतःची सोयही तेव्हा बिघडलेली असते. म्हणून रक्तदाब टिकवून धरायच्या औषधाचा पंप सोबत चालू होता. तापमान एक अंश उतरलं की मेंदूची गरज साधारण सहा-सात टक्क्यांनी घटते. ३७ वरून ३३ म्हणजे जवळपास चतुर्थांश. पुरवठाच कमी असताना मागणी कमी करायची, एवढाच हिशेब.

वाकळीनं अंग तापलं असतं. उलट हुडहुडी भरली तर शरीर जास्तच प्राणवायू खातं, म्हणून भुलीचं औषध चालू होतं आणि ते डोळे उघडत नव्हते. हातापायांना ऊब दिली तर हुडहुडी कमी होते, हे नर्सला आठवलं आणि तिनं मोजे आणायला सांगितलं. आक्कानं तासाभरात लोकरीचे मोजे आणले आणि स्वतःच्या हातानं घातले. त्यानंतर ती ओरडली नाही.

मुलाच्या मोबाइलवर मात्र वेगळंच निघालं होतं: गार करून फायदा नाही. हेही अर्धं खरं आहे. २००२ मधल्या दोन अभ्यासांनी ३२ ते ३४ अंशांचा फायदा दाखवला होता. २०२१ मध्ये सुमारे १९०० रुग्णांच्या अभ्यासात ३३ अंश आणि नुसता ताप येऊ न देणं, यांत जगण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी ताप रोखण्यावरच भर असतो. तुमच्या माणसाला गार केलं नाही, तर हयगय झाली असं समजू नका. ताप चढू देणं मात्र चालत नाही.

"मग कधी सांगणार, जगतंय का नाही?"

हृदय सुरू झाल्यापासून निदान ७२ तास. अंग हळूहळू गरम करायचं, भूल उतरू द्यायची, मगच डोळ्यांच्या बाहुल्या, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख), मेंदूचा स्कॅन एकत्र बघून बोलायचं. त्याआधी कुणी छातीठोकपणे "काही उरलं नाही" किंवा "बरं होईल" म्हणालं, तर दोन्ही कानाआड करा. मी आक्काला आशाही दिली नाही आणि ती काढूनही घेतली नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवरचा एक जण पाचव्या दिवशी गेला होता.

तिचे यजमान उठले. सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरतात. महिन्याभरानं आक्काचा फोन आला, वाकळ आयसीयूतच राहिलीय का ते बघायला.