ओलाव्याचा हिशेब : घरच्या फ्रूटकेकविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला लागतो न लागतो, तोच या सदराकडे केकविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदा त्यांतली बहुतेक फ्रूटकेकची आहेत. ती एकापाठोपाठ एक वाचताना ध्यानात आले की, तक्रारी निरनिराळ्या दिसत असल्या तरी बिघाडाचे मूळ पुष्कळदा एकच आहे: ओलावा नको तिथे राहिला, किंवा हवा होता तिथून उडून गेला. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मेवा मैद्यात घोळवून घातला होता, तरीही केक कापल्यावर वर साधा स्पंज आणि तळाला सगळे बेदाणे व चेरी असा प्रकार झाला. काय चुकले? (एक भगिनी, राजारामपुरी)

मेवा मैद्यात घोळवणे चूक नाही. परंतु त्याने मेव्याचे तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत, एवढाच त्याचा खात्रीचा उपयोग. मेवा तळाला बसतो तो मुख्यतः पीठ पातळ असल्यामुळे. आपण स्पंज केकच्याच पिठात मेवा घातला असावा, असे पत्रावरून वाटते. फ्रूटकेकचे पीठ इतके घट्ट हवे की पळी तिरकी केली तर ते धारेने न वाहता गोळ्याने पडावे. 18 सेंटिमीटर व्यासाच्या गोल डब्यासाठी मैदा 200 ग्रॅम, बटर 175 ग्रॅम, साखर 175 ग्रॅम, 3 अंडी आणि मेवा 400 ग्रॅम हे प्रमाण मी वर्षानुवर्षे वापरते. बेकिंग पावडर चहाचा अर्धा चमचाच घ्यावी, कारण केक फार फुलला की त्याची जाळी सैल होते आणि जड तुकडे तिच्यातून खाली सरकतात.

पीठ आपल्या नकळत पातळ करणाऱ्या दोन गोष्टी मात्र आपल्या घरांत हमखास आढळतात. पहिली म्हणजे घरचे लोणी. म्हशीच्या दुधाचे ताजे लोणी चवीला कितीही उत्तम असले तरी त्यात ताक राहिलेले असते. ते गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन, हाताने दाबून पाणी काढल्याशिवाय केकसाठी घेऊ नये. दुसरी म्हणजे भिजवलेला मेवा. तो चाळणीत निथळत ठेवावा आणि नंतर स्वच्छ सुती पंचावर पसरावा. पंचा उचलल्यावर खाली ताटात ओल दिसत असेल, तर मेवा अजून तयार नाही असे समजावे.

आपण चेरीचा उल्लेख केला आहे, म्हणून जाता जाता सांगते की बाजारात मिळणारी पाकातली लालभडक चेरी ही बरेचदा रंगवलेली करवंदे असतात आणि टूटीफ्रूटी म्हणजे कच्च्या पपईचे तुकडे. त्यात कमीपणा काहीच नाही. आपल्या पश्चिमेकडच्या डोंगरांत ज्यांनी करवंदे खाल्ली आहेत, त्यांना तर हे ऐकून बरेच वाटेल. पण त्या गोळ्यांवर पाकाचा थर असतो आणि तो निसरडा असतो. कोमट पाण्यात धुऊन, कोरड्या करून, प्रत्येकीचे चार तुकडे करून घाला. खजूर आणि अंजीरही बेदाण्याएवढेच चिरावेत.

प्रश्न : आमच्या घरी मद्य चालत नाही, म्हणून मेवा संत्र्याच्या रसात महिनाभर भिजवला. बरणी उघडली तर फेस आणि आंबूस वास आला. हा मेवा वापरता येईल का? आणि रम घालून भाजलेल्या केकमध्ये मद्य उरते का? (एक वाचक, गडहिंग्लज)

तो मेवा टाकून द्यावा. मन हळहळेल, पण रस आंबलेला आहे आणि त्यात आणखी काय वाढले असेल हे आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. रममध्ये मेवा महिनोन्महिने टिकतो तो रमच्या अंगी असलेल्या मद्यार्कामुळे. रसाला ते सामर्थ्य नाही, उलट रसातली साखर यीस्टचे खाद्य आहे. महिनाभर भिजवण्याची रीत रमबरोबर आली आणि रम गाळून फक्त रीत तेवढी आपल्या घरी राहिली, असे हे झाले आहे.

रसात भिजवायचे असेल तर 400 ग्रॅम मेव्याला एक वाटी ताजा रस घ्यावा, मंद आचेवर झाकण ठेवून दहा मिनिटे शिजवावा, गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी केक करावा. गरम रसात बेदाणा एका रात्रीत जेवढा फुगतो तेवढा फुगणे केकला पुरेसे असते. तासगावकडचे बेदाणे असतील तर आधी कोमट पाण्यातून काढा, कारण द्राक्षे वाळवताना त्यांना तेलकट द्रावणाचा हात दिलेला असतो आणि तो थर राहिला तर रस आत शिरायला वेळ लागतो. काळ्या मनुका घेणार असाल तर त्यांतल्या बिया काढण्याचे काम टीव्हीसमोर बसून आदल्या रात्रीच उरकावे. केक खाताना दाताखाली बी आली की पाहुणा बोलत नाही, पण पुढचा तुकडा घेत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. दीड-दोन तास भाजल्यावरही मद्याचा थोडा अंश केकमध्ये राहतो, आणि भाजल्यानंतर वरून चमच्याने जी रम घालतात ती तर जवळजवळ सगळीच राहते. त्यामुळे ज्या घरी मद्य वर्ज्य आहे तिथे ते घालू नये, आणि घातले असेल तर घेणाऱ्याला आधी सांगावे. गळ्यात माळ असलेल्या वडीलधाऱ्यांना “उडून जाते हो सगळे” असे सांगून वाढणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

प्रश्न : साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ घालून फ्रूटकेक होईल का? मी केला तो मध्ये कच्चा राहिला आणि दाताखाली बारीक खर लागली. (एक भगिनी, कसबा बावडा)

होईल, आणि माझ्या मते साखरेच्या केकपेक्षा चांगला होईल. फ्रूटकेकचा काळपटपणा गोव्याकडे आणि केरळात करपवलेल्या साखरेच्या पाकाने आणतात, इंग्लंडात ट्रीकल नावाच्या काळ्या पाकाने. आपल्याकडे नवा गूळ निघू लागण्याचा आणि नाताळचा हंगाम जवळजवळ एकच, शिवाय गुऱ्हाळावर काकवी मिळते. मग हे जिन्नस सोडून बाटलीतला रंग घालण्याचे कारण मला दिसत नाही. जिथले तिथले जिन्नस वापरण्याची ही परंपरा या केकला नवी नाही. 1883 साली मरडॉक ब्राउन या मळेवाल्याने इंग्लंडहून आणलेला केक केरळातल्या थलश्शेरीच्या मांबळ्ळी बापू या बेकरीवाल्यांना दाखवून तसाच करायला सांगितला, तेव्हा बापूंनी परदेशी ब्रँडीच्या जागी काजूच्या बोंडांची आणि केळ्यांची स्थानिक दारू वापरली, अशी कथा सांगतात. भारतातला पहिला नाताळचा केक म्हणून त्याचीच नोंद घेतली जाते.

आता आपली अडचण. कोल्हापुरी गुळाची ख्याती त्याच्या पिवळ्या रंगाची, आणि बाजारात गिऱ्हाइकाचा हातही आधी त्या ढेपेकडेच जातो. परंतु या केकसाठी मुद्दाम काळसर, रसायनविरहित गूळ घ्यावा, कारण रंग आणि खमंगपणा त्यातच असतो. खर लागली ती गूळ किसून तसाच घातल्यामुळे. गूळ 175 ग्रॅम घेऊन संत्र्याच्या अर्ध्या वाटी रसात मंद आचेवर फक्त विरघळवावा, पाक करू नये, आणि मलमलच्या कापडातून गाळावा. पहिल्यांदा गाळाल तेव्हा कापडावर उसाची बारीक चिपाडे आणि तळाला चिमूटभर वाळू पाहून आपण थक्क व्हाल. याच गाळलेल्या गुळात बटर, मेवा आणि दोन मोठे चमचे काकवी घालून पाच मिनिटे उकळी आणावी आणि पातेले पूर्ण गार होऊ द्यावे. हात लावून कोमटही वाटता कामा नये, नाहीतर अंडी घालताच ती शिजून त्यांच्या गुठळ्या होतील. मग अंडी फेटून घालावीत आणि शेवटी चाळलेला मैदा, चिमूटभर मीठ, थोडे जायफळ आणि दालचिनी घालावी. गूळ व काकवी किंचित आंबट असल्याने बेकिंग पावडरबरोबर चहाचा पाव चमचा सोडाही घालावा. या पद्धतीत मेवा वेगळा भिजवावा लागत नाही आणि बटर-साखर फेटण्याचे श्रमही वाचतात.

मध्ये कच्चा राहिला याचे कारण आच. गुळाचा केक बाहेरून लवकर काळवंडतो आणि झाला असे समजून आपण तो काढतो. 150 अंशांवर पावणेदोन ते दोन तास लागतील असे धरूनच बसावे. तासाभराने वर खाकी कागद झाकावा आणि विणायची सुई मध्यभागी खुपसून ती कोरडी येईपर्यंत केक बाहेर काढू नये.

प्रश्न : ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) नाही. कुकरमध्ये करू, की बेकरीच्या भट्टीवर नेऊ? (एक वाचक, इचलकरंजी)

नानकटाईचे डबे जसे आपण भट्टीवर लावून आणतो, तसा हा केकही लावता येतो. मात्र वेळ वेगळी हवी. पाव भाजताना भट्टी फार तापलेली असते आणि त्या आचेत फ्रूटकेक वरून कोळसा व आतून गारा होतो. मी एकदा भट्टीवाल्या काकांना काहीही न सांगता डबा ठेवून आले होते आणि तासाभराने जे परत आणले, त्याचा वरचा बोटभर थर सुरीने तासून काढावा लागला. पाव निघून भट्टी निवू लागली की तिच्या उरलेल्या उबेत डबा लावायला सांगा. ही उतरती आच या केकला फार मानवते. डब्याला आतून बटर पेपरचे दोन थर आणि बाहेरून खाकी कागदाची दुहेरी पट्टी सुतळीने बांधून द्यावी. ओटीजीमध्ये मात्र बाहेरचा कागद तापणाऱ्या सळ्यांना लागणार नाही याची काळजी घ्यावी. भाजताना वीज गेलीच तर दार उघडू नका. केक जड असतो, उब धरून ठेवतो, वीज आल्यावर पुढे भाजा.

कुकरमध्ये एवढा मोठा केक करू नये, असे माझे मत आहे. दोन तास कोरडा तापवलेला कुकर खराब होण्याची भीती असते. निम्म्या प्रमाणाचा छोटा केक जुन्या जाड पातेल्यात, तळाला मीठ पसरून व वर स्टँड ठेवून, झाकण लावून करावा.

प्रश्न : अंड्याशिवाय? (बरीच पत्रे)

तीन अंड्यांऐवजी 150 ग्रॅम घट्ट, ताजे दही आणि त्यात फेटलेला चहाचा अर्धा चमचा सोडा घ्या, गुळाच्या केकसाठी सांगितलेला पाव चमचा सोडा वगळा, आणि पीठ तयार होताच डबा ओव्हनमध्ये लावा. केक चांगला होतो, पण तो थोडा भुसभुशीत असतो आणि तीन-चार दिवसांतच संपवावा.

प्रश्न : मुलगा पुण्याला असतो. त्याला पाठवायचा आहे, पण मागच्या वेळी केकला बुरशी आली. (एक आई, मंगळवार पेठ)

केक कोमट असताना गुंडाळला असावा. वरून गार वाटणारा फ्रूटकेक आत बराच वेळ ऊन राहतो; वाफ सुटते, कागदावर थेंब जमतात आणि बुरशीला जागा मिळते. केक डब्यातच पूर्ण गार होऊ द्या, रात्रभर राहिला तरी चालेल. मग आधी बटर पेपर आणि त्यावर फॉइल गुंडाळा. फॉइल थेट लावू नये, कारण फळांच्या आंबटपणाने तिला बारीक भोके पडतात. रसाचा केक डिसेंबरच्या थंडीत आठवडाभर बाहेर टिकतो, फ्रिजमध्ये दोन आठवडे. पावसाळ्यात मात्र आपल्याकडच्या दमट हवेत बाहेर ठेवूच नये. अख्खाच पाठवा, कारण कापलेल्या बाजूंनी तो सुकतो.

भाजल्या दिवशी कापण्याचा मोह आवरा. दोन दिवसांनी मेव्यातला ओलावा केकभर पसरतो आणि सुरी चालवताना भुगा पडत नाही. लहानपणी वायल्डर चर्चजवळ राहणाऱ्या आमच्या शेजारीण काकू नाताळच्या ताटात करंजी आणि चकलीशेजारी या केकचा बोटभर जाड तुकडा ठेवत असत. इंग्लंडात यॉर्कशायरकडे तो चीजच्या तुकड्याबरोबर खातात. आपल्या चिरंजीवांना आधी खारी चकली, मग केक आणि वर बिनसाखरेचा चहा, असे करून पाहायला सांगा.