वाचकांचे प्रश्न : रेडिओचे पहिले वर्ष कोणते?

प्रश्न : शाळेतील सामान्यज्ञान स्पर्धेत ‘भारतात रेडिओ प्रसारण कोणत्या वर्षी सुरू झाले?’ या प्रश्नाला तीन मुलांनी १९२३, १९२७ आणि १९३६ अशी तीन वेगवेगळी उत्तरे दिली. शोधल्यावर ही तिन्ही वर्षे कोणत्या ना कोणत्या पुस्तकात छापलेली सापडली. परीक्षक म्हणून मी कोणते उत्तर ग्राह्य धरावे?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : पूर्ण गुण १९२७ ला द्यावेत. इतर दोन मुलांचीही उत्तरे निराधार नाहीत. मात्र त्यांनी सांगितलेली वर्षे वेगळ्या घटनांची आहेत.

जून १९२३ मध्ये ‘रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे’ने मुंबईतून कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि त्याच वर्षी कलकत्त्यातही एका क्लबने तसा प्रयत्न केला. मद्रासच्या क्लबाचे प्रसारण ३१ जुलै १९२४ रोजी सुरू झाले व १९२७ मध्ये पैशांअभावी थांबले. हे सारे हौशी मंडळींचे उद्योग होते. नियमित, परवानाधारक आणि एकाहून अधिक शहरांसाठी आखलेले प्रसारण सुरू झाले ते २३ जुलै १९२७ रोजी. त्या दिवशी ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’च्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले आणि २६ ऑगस्टला कलकत्ता केंद्र सुरू झाले. आजही २३ जुलै हाच राष्ट्रीय प्रसारण दिन मानला जातो, यावरून या तारखेचे महत्त्व ध्यानात यावे.

ही कंपनी खासगी होती, हे पुष्कळदा विसरले जाते, आणि तिची आर्थिक घडी पहिल्यापासूनच तोकडी होती. १५ लाख रुपयांच्या अधिकृत भांडवलापैकी प्रत्यक्षात सुमारे ६ लाखच उभे राहिले आणि त्यातले साडेचार लाख दोन केंद्रे उभारण्यातच खर्ची पडले. उत्पन्नाचा मुख्य आधार म्हणजे श्रोत्यांकडून घेतले जाणारे परवाना शुल्क. ते वर्षाला १० रुपये होते आणि त्यातील ८ रुपये कंपनीला मिळत. दोन्ही केंद्रांचे प्रक्षेपक अवघ्या दीड किलोवॅटचे असल्याने साध्या क्रिस्टल सेटवर (विजेविना चालणाऱ्या, कानाला लावून ऐकायच्या प्राथमिक रेडिओवर) जेमतेम ३० मैलांपर्यंतच आवाज पोहोचे, म्हणजे मुंबई केंद्राचा विचार केला तर फार तर कल्याणपर्यंत. त्यापलीकडच्या माणसाला झडपांचा (व्हॉल्व्हचा) महागडा संच घ्यावा लागे, आणि तो बाहेरून येत असल्याने त्यावर जकातही पडे. शिवाय परवाना न घेताच ऐकणारे कितीतरी होते. परिणामी १९२९ च्या अखेरीसही परवान्यांची संख्या ८,००० च्या आतच राहिली. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे : ८,००० परवाने धरले तरी वर्षाकाठी हाती येणार ६४,००० रुपये, आणि त्यात दोन शहरांतील केंद्रे, कलावंतांचे मानधन व यंत्रांची देखभाल सांभाळायची! कंपनी १ मार्च १९३० रोजी दिवाळखोरीत निघाली, ती लोकांना रेडिओ नकोसा झाला म्हणून नव्हे, तर ज्यांना हवा होता त्यांच्यापर्यंत तो पोहोचवण्याइतके बळ तिच्यापाशी नव्हते म्हणून.

पुढचा भाग माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा आहे आणि पाठ्यपुस्तकांत तो एका ओळीत उरकला जातो. १ एप्रिल १९३० पासून सरकारने ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ या नावाने, तेही केवळ दोन वर्षांच्या प्रयोगापुरती, ही सेवा आपल्याकडे घेतली. पण मंदीच्या काळात काटकसरीचे कारण देऊन ऑक्टोबर १९३१ मध्ये ती बंद करण्याचा निर्णयही घेऊन टाकला. त्यावर श्रोत्यांनी आणि संच विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी इतका विरोध केला की २३ नोव्हेंबर १९३१ रोजी सरकारला तो मागे घ्यावा लागला. मे १९३२ मध्ये सेवा कायम ठेवण्याचे ठरले आणि खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी आयात संचांवरील जकात वाढवण्यात आली. बिनपरवाना संच बाळगणे हा गुन्हा ठरवणारा कायदा १९३३ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला. जुन्या ट्रंकांमध्ये टपाल खात्याने दिलेली रेडिओ परवान्याची पुस्तके अजूनही सापडतात. त्यांचे मूळ या कायद्यात आहे. आपल्याकडे रेडिओ टिकला तो ऐकणाऱ्यांनी तो बंद होऊ दिला नाही म्हणून, हे मुलांना आवर्जून सांगावेसे वाटते.

आता १९३६. बीबीसीतून आलेले लायनेल फील्डन यांनी ऑगस्ट १९३५ मध्ये प्रसारण नियंत्रकपदाची सूत्रे हाती घेतली. १ जानेवारी १९३६ रोजी दिल्ली केंद्र सुरू झाले आणि ८ जून १९३६ रोजी सेवेचे नाव बदलून ‘ऑल इंडिया रेडिओ’ झाले. जुने लांबलचक सरकारी नाव फील्डन यांना मुळीच आवडत नव्हते. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्याशी बोलताना आपण संभाषण अशा रीतीने वळवले की नवे नाव जणू त्यांनाच सुचले, असे फील्डन यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. म्हणजे १९३६ हे नामकरणाचे आणि राजधानीत केंद्र आल्याचे वर्ष आहे. प्रसारणाचा जन्म त्याआधी नऊ वर्षे झाला होता. यापुढे प्रश्न विचारताना ‘नियमित प्रसारण’ असा शब्द घालावा, म्हणजे मुलांचा गोंधळ होणार नाही.

प्रश्न : मग ‘आकाशवाणी’ हे नाव केव्हा आले? तेही १९३६ मधलेच का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. हे नाव आले म्हैसूरहून. तेथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी सप्टेंबर १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरातून, अवघ्या ३० वॅटच्या प्रक्षेपकावर एक केंद्र सुरू केले आणि त्याला ‘आकाशवाणी’ म्हटले. हे केंद्र ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या सेवेचा भाग नव्हते. स्वातंत्र्यानंतर, १९५७ पासून, राष्ट्रीय सेवेने म्हैसूरच्या त्या छोट्या केंद्राचे नाव आपले अधिकृत भारतीय नाव म्हणून स्वीकारले.