केटीचं खरं कारण

“मॅडम, डिप्लोमाला ८२ टक्के आणि डिग्रीला हे काय, असं विचारलं की माझा आवाजच निघत नाही.”

कळव्याची ही मुलगी नौपाड्यात माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पाच मुलाखती होऊन गेल्या होत्या. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, म्हणजे मुलांच्या भाषेत एक्सटीसी. सगळ्या सेमिस्टरचा मिळून पॉइंटर, म्हणजे दहापैकी सरासरी, ६.४. वाटेत गणिताच्या दोन केट्या, म्हणजे नापास होऊन पुन्हा द्यावे लागलेले पेपर. हे तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निकालाच्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: मार्क कमी आहेत, मुलाखतीत विचारलं तर काय सांगू?

तिने सांगण्यासारखं काहीतरी तयार केलेलं होतं. वडिलांची बायपास झाली, घर आणि हॉस्पिटल करता करता अभ्यास राहिला. पहिल्या मुलाखतीत हे सांगताना तिला रडू आलं. समोरच्यांनी पाणी दिलं, धीर दिला आणि मुलाखत तिथेच संपली. पुढच्या वेळी तिने तेच घाईघाईत सांगितलं. मामाने सुचवलं होतं, ‘पेपर कडक तपासले म्हण.’ तेही एकदा सांगून झालं. त्यावर समोरचे गृहस्थ फक्त “सगळ्यांचेच?” म्हणाले.

मी तिला सगळ्या गुणपत्रिका आणायला सांगितल्या. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण लाजेपोटी मुलांनी स्वतःच्या गुणपत्रिका कित्येक महिने उघडलेल्या नसतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आल्यामुळे तिच्याकडे डिग्रीच्या सहाच होत्या, तिसऱ्या सेमिस्टरपासून आठव्यापर्यंत. त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि विचारलं, “पप्पांचं ऑपरेशन कधी झालं?”

“सहाव्या सेमला.”

सहाव्या सेमिस्टरला ती सगळ्या विषयांत पहिल्या फटक्यात पास झाली होती. केट्या होत्या तिसऱ्या आणि चौथ्यात, म्हणजे ऑपरेशनच्या वर्षभर आधीच्या. ती बराच वेळ त्या कागदांकडे बघत राहिली. तिने खोटं रचलं होतं असं मला वाटत नाही. सगळं वाईट एका गाठोड्यात बांधून ठेवलं की कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे माणसाला खरंच आठवेनासं होतं.

मग हळूहळू खरं कारण बाहेर आलं. डिप्लोमाची मुलं थेट दुसऱ्या वर्षाला येतात आणि पहिल्याच सेमिस्टरला त्यांच्यापुढे एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, उभा राहतो. लाप्लास, फुरिये सगळं त्यात. वर्गातली बाकीची मुलं पहिल्या वर्षी एम-वन, एम-टू करून आलेली असतात. डिप्लोमाच्या गणिताला तेवढी खोली नसते आणि मधली ही पायरी भरून काढायला वेळ मिळत नाही. तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं की फळ्यावरचं काही समजत नाही. पण डिप्लोमाची टॉपर होती ना! विचारायचं कसं? तिने कोणालाच विचारलं नाही. एम-थ्री तिसऱ्या प्रयत्नात सुटलं, तेही वर्गातल्या एका मुलीकडून पहिल्या वर्षाची वही मागून घेऊन मुळापासून केलं तेव्हा.

“हे सांगितलं तर मी ढ आहे असं वाटेल त्यांना.” तिला खरी भीती ही होती. आजारपण सांगितलं तर सहानुभूती मिळते, समजलं नाही म्हणून सांगितलं तर किंमत कमी होते, असा तिचा हिशेब. मला मात्र उलट वाटतं. आजारपण ही कोणाच्याच हातातली गोष्ट नाही, त्यामुळे त्यावर समोरच्याला पुढे काही विचारताच येत नाही. कारण घरातल्या आजारपणाचंच असेल तर ते जरूर सांगावं, दोन वाक्यांत, न संकोचता. पण तिच्या खऱ्या गोष्टीत चूक होती, ती ओळखणं होतं आणि दुरुस्तीही होती. नोकरी देणाऱ्याला यातलं शेवटचं ऐकायचं असतं. उद्या कामावर काही अडलं तर ही मुलगी तोंड मिटून बसेल की विचारायला येईल, हा त्याचा प्रश्न असतो.

आम्ही उत्तर लिहिलं नाही. पाठ केलेलं उत्तर लगेच कळतं. तिने ते मला सात-आठ वेळा बोलून दाखवलं, दर वेळी वेगळ्या शब्दांत, आणि ते आपोआप अर्ध्या मिनिटावर आलं. “डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आले. पहिल्या वर्षाचं गणित माझं झालेलं नव्हतं आणि मदत मागायला मी उशीर केला. त्यात दोन केट्या लागल्या. मग पहिल्या वर्षापासूनचं गणित करून त्या सोडवल्या. पाचव्या सेमपासून एकही केटी नाही, शेवटच्या सेमला पॉइंटर ७.८ आहे.” एवढंच. यापुढे गप्प राहायचं. शांतता पसरली की मुलं घाबरून आणखी कारणं जोडायला लागतात आणि तिथेच घसरतात.

फॉर्मबद्दलही सांगायलाच हवं. ‘सध्या बॅकलॉग (म्हणजे केटी) आहे का’ आणि ‘कधी बॅकलॉग होता का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला तिचं खरं उत्तर ‘नाही’, दुसऱ्याला ‘हो, दोन’. तिथे लपवू नका. कागदपत्रांची पडताळणी नंतरही होते आणि हातात आलेली ऑफर त्यात जाऊ शकते. पॉइंटरचे टक्के करताना विद्यापीठाने दिलेलंच सूत्र वापरा. आणि जिथे ६० टक्क्यांची अट आधीच लावलेली आहे तिथे कितीही चांगलं उत्तर कामाला येत नाही, कारण अर्ज माणसापर्यंत पोचतच नाही. त्याचं वाईट वाटून घेण्यात दिवस घालवू नका. रबाळे-महापेच्या एमआयडीसीत अजूनही समोर बसवून काम बघणाऱ्या छोट्या कंपन्या आहेत. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली पदवीधरांनाही स्टायपेंडवर प्रशिक्षण मिळतं, त्यासाठीचं पश्चिम विभागाचं बोर्ड सायनला आहे. डिप्लोमामुळे सोल्डरिंगला बसलेला तिचा हात हीसुद्धा मोठी जमेची बाजू होती आणि ती ते कुठेच सांगत नव्हती.

पुढची मुलाखत महाप्याला होती. जाता जाता ठाण्याला गाडी बदलताना तिने मला फोन केला, आवाज कापत होता. तिथे तिने ठरल्याप्रमाणे सांगितलं. समोरच्या बाईंनी विचारलं, “मग आता येतं का लाप्लास?” तिने कागद मागून घेतला आणि एक साधं सर्किट सोडवून दाखवलं. त्यानंतर मार्कांचा विषय निघालाच नाही, पाऊण तास प्रोजेक्टवर बोलणं झालं. ती नोकरी मिळाली नाही. त्यांना अनुभव असलेला माणूस हवा होता. दीड महिन्याने रबाळ्याला ट्रेनी म्हणून लागली.

पेढे घेऊन आली तेव्हा तिने एक गोष्ट सांगितली. महाप्याहून परतल्यावर त्याच रात्री तिने घरी पप्पांना केट्यांचं खरं कारण सांगितलं. ते आधी काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “इतके दिवस मी समजत होतो, माझ्या दुखण्यामुळे तुझं वर्ष बिघडलं.”