वाचकांचे प्रश्न : एक्स्प्रेशनची फंक्शन्स कोठे सापडतात?

प्रश्न : एका स्थानिक वृत्तवाहिनीसाठी मी आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स तयार करतो. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी दाखवणारी पट्टी मला रोज नव्याने कीफ्रेम (ठरावीक क्षणाची मूल्ये) देऊन हलवावी लागते. हे काम एक्स्प्रेशनने, म्हणजे मूल्य ठरवणाऱ्या छोट्या सूत्राने, होते असे ऐकले आहे, परंतु विगल (थरथरती हालचाल) आणि लूपआउट (हालचालीची पुनरावृत्ती) यांपलीकडे मला एकही फंक्शन ठाऊक नाही. उपलब्ध फंक्शन्सची यादी कोठे पाहावी?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : यादी आपल्या सॉफ्टवेअरमध्येच आहे. ऑल्ट कळ दाबून कोणत्याही गुणधर्माच्या स्टॉपवॉचवर क्लिक केले की टाइमलाइनमध्ये एक्स्प्रेशनची ओळ उघडते आणि तिच्यासोबत काही छोटी बटणे दिसू लागतात. त्यांपैकी गोलात उजवीकडे वळलेला बाण असलेले बटण दाबले, की आफ्टर इफेक्ट्सची स्वतःची फंक्शन्स गटवार समोर येतात : यादृच्छिक संख्या, इंटरपोलेशन (दोन मूल्यांमधली मूल्ये काढणे), रंगांचे रूपांतर, कॉम्प, लेअर, कीफ्रेम, मजकूर इत्यादी. निवडलेले फंक्शन त्याला लागणाऱ्या मूल्यांच्या नावांसह ओळीत उतरते. ज्या मूल्यापुढे बरोबरीचे चिन्ह आणि आकडा आधीच लिहिलेला असतो, ते आपण दिले नाही तरी चालते. विगल निवडून पाहा, म्हणजे वारंवारता आणि विस्तार यांखेरीज त्याला आणखी तीन मूल्ये देता येतात हे लक्षात येईल.

आपल्या पट्टीसाठी इंटरपोलेशन गटातील लिनिअर पुरेसे आहे. एका लेअरला स्लायडर कंट्रोल (एक आकडा भरण्याची सोय देणारा इफेक्ट) लावून त्यात त्या दिवशीची पातळी फुटांत भरावी. लिनिअरला क्रमाने पाच मूल्ये द्यावीत : स्लायडर, ०, ६०, पट्टीची किमान उंची आणि कमाल उंची. मर्यादेबाहेरचा आकडा आला तरी लिनिअर टोकाच्या मूल्यावर थांबते, त्यामुळे पट्टी चौकटीबाहेर जात नाही. लिनिअरचे उत्तर स्केलला (आकाराच्या गुणधर्माला) द्यायचे असल्यास ते रुंदी व उंची अशा जोडीने चौकोनी कंसात लिहावे लागते, आणि पट्टी खालून वर वाढावी यासाठी तिचा अँकर पॉइंट तळाशी असावा लागतो. स्लायडरचा पूर्ण पत्ता हाताने टाइप करण्याच्या भानगडीत पडू नये. पिकव्हिप (एक्स्प्रेशनच्या बटणांपैकी ओढून जोडण्याचे बटण) स्लायडरवर नेऊन सोडला की तो आपोआप लिहिला जातो.

मात्र ही यादी अपुरी आहे, आणि बहुतेकांची अडचण येथेच होते. एक्स्प्रेशनची भाषा जावास्क्रिप्ट आहे. त्या भाषेतील सर्वच गोष्टी या मेनूत दिलेल्या नाहीत. ४० फुटांची इशारा पातळी ओलांडल्यावर पट्टी नारिंगी आणि ४५ फुटांच्या धोका पातळीवर लाल करायची असेल, तर इफ आणि एल्स ही अट लिहावी लागते. तसेच मजकुराच्या लेअरवर आकडा एकाच दशांश स्थळापर्यंत दाखवण्यासाठी टूफिक्स्ड आणि आकडे देवनागरी करण्यासाठी रिप्लेस लागते. या तिन्ही गोष्टींसाठी जावास्क्रिप्टचा कोणताही चांगला संदर्भ उघडावा. आफ्टर इफेक्ट्सच्या मदतपानांत त्या शोधत बसू नये.

येथे एक तपासणी आवश्यक आहे. २०१८ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून एक्स्प्रेशन चालवणारे नवे जावास्क्रिप्ट इंजिन उपलब्ध झाले. जुने एक्स्टेंडस्क्रिप्ट इंजिनही निवडता येते, पण त्याची भाषा जावास्क्रिप्टच्या १९९९ च्या प्रमाणावर बेतलेली आहे. त्यामुळे आकड्याआधी शून्ये भरणारे पॅडस्टार्ट एका प्रकल्पात चालते, तर दुसऱ्यात त्रुटी दाखवते. फाइल मेनूतील प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये एक्स्प्रेशन्स या भागात कोणते इंजिन निवडले आहे ते दिसते. जुन्या फाइलवरून रोजचे काम पुढे चालवणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

प्रश्न : ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधील ड्रायव्हरमध्ये (गुणधर्माचे मूल्य सूत्राने ठरवण्याच्या सोयीत) विगल का चालत नाही? तेथे काय काय चालते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : विगल हे आफ्टर इफेक्ट्सचे स्वतःचे फंक्शन आहे, ते न्यूक या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही नाही. ब्लेंडरमधील ड्रायव्हरची एक्स्प्रेशन्स पायथॉनमध्ये लिहिली जातात. पायथॉन कन्सोल उघडून बीपीवाय, ॲप आणि ड्रायव्हर नेमस्पेस ही तीन नावे टिंबांनी जोडून लिहावीत (शेवटच्या नावातील दोन शब्दांमध्ये अधोरेषा येते) आणि त्या कोशाच्या कीज (त्यातील नावे) मागवाव्यात, म्हणजे साइन, कोसाइन, क्लॅम्प, लर्प, स्मूथस्टेप, नॉइज अशी सर्व नावे छापून येतात. विगलसारखी हालचाल हवी असल्यास यांतील नॉइज उपयोगी पडते. याच कोशात आपले स्वतःचे फंक्शनही घालता येते. मात्र फाइल पुन्हा उघडल्यावर त्याची नोंद नव्याने करावी लागते, म्हणून ती छोटी स्क्रिप्ट फाइलमध्येच ठेवून रजिस्टरची खूण करावी.