शस्त्रं विकायची परवानगी मंत्री देतात, मग खासदार काय करतात?

प्रश्न: माझी मुलगी लंडनला असते. ती सांगत होती की २०२४ ला तिथल्या सरकारने इस्राएलला जाणाऱ्या शस्त्रांची काही लायसन्स थांबवली. हे पार्लमेंटला विचारून करतात का? आणि आपल्याकडे कसं असतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही हो, विचारून वगैरे काही नाही. परराष्ट्रमंत्री डेव्हिड लॅमी सप्टेंबर २०२४ मध्ये सभागृहात उभे राहिले, साधारण ३५० पैकी ३० लायसन्स थांबवतोय म्हणाले, त्यातून एफ-३५ या लढाऊ विमानाचे बरेचसे पार्ट्स वगळले, आणि खासदारांनी ते ऐकलं. लायसन्स सरकार देतं, पार्लमेंटला दर तीन महिन्यांनी आकडे कळतात, म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवत बसायचं.

पण हे आकडे तरी मिळतात त्याला मोठं कारण एक लफडं आहे. इराणशी युद्ध थांबल्यावर इराकला काय विकायचं याचे नियम सरकारने १९८८ ला गुपचूप सैल केले आणि पार्लमेंटला सांगितलंच नाही. पुढे कॉव्हेंट्रीच्या मॅट्रिक्स चर्चिल कंपनीच्या लोकांवर इराकला मशिनरी पाठवली म्हणून खटला भरला, आणि गंमत म्हणजे त्यातला मुख्य आरोपी गुप्तहेर खात्यालाच माहिती पुरवत होता! कागद कोर्टात येऊ नयेत म्हणून मंत्र्यांनी सह्या केल्या होत्या, पण माजी मंत्री अ‍ॅलन क्लार्क साक्षीत अडकले आणि १९९२ ला खटला कोसळला. मग न्यायाधीश स्कॉट यांनी केलेली चौकशी, १९९६ चा रिपोर्ट, त्यावरच्या मतदानात सरकार ३२० विरुद्ध ३१९ असं एका मताने वाचलं.

त्यानंतर १९९९ पासून संरक्षण, परराष्ट्र, व्यापार आणि विकास अशा चार कमिट्या या विषयावर एकत्र बसायला लागल्या. माझं स्पष्ट मत, चौघांची म्हणजे कुणाचीच नाही. २०१६ ला येमेन युद्धावरून सौदीला शस्त्रं द्यायची का यावर त्यांचं एकमत झालं नाही, दोघांनी विक्री थांबवा म्हटलं, परराष्ट्रवाल्यांनी कोर्टाचा निकाल येऊ दे म्हणून वेगळा रिपोर्ट काढला. २०१९ ला अपील कोर्टाने सरकारची पद्धत बेकायदा ठरवली, म्हणजे जे खासदारांना जमलं नाही ते एका संस्थेच्या केसने झालं, पण साधारण वर्षभराने, जुलै २०२० ला, लायसन्स परत सुरू! २०२४ च्या सुरुवातीला ती चौघांची व्यवस्था बंद करून काम एकट्या व्यापार कमिटीकडे दिलं.

अमेरिकेत मोठ्या सौद्यांची नोटीस काँग्रेसला आधी द्यावी लागते, पण २०१९ ला त्यांनी सौदीचे सौदे अडवले तर ट्रम्पने व्हेटो मारला.

आपल्याकडे शस्त्रांची परवानगी संरक्षण मंत्रालयाचं उत्पादन खातं देतं, दुहेरी वापराचा (म्हणजे नागरी आणि लष्करी दोन्ही कामांना चालणारा) बहुतेक माल डीजीएफटी या परकीय व्यापार खात्याकडे, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाच्या स्कोमेट नावाच्या यादीप्रमाणे. संसदेची मंजुरी लागत नाही. इस्राएलच्या निर्यातीवर याचिका गेली तेव्हा सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने परराष्ट्र धोरण आमचं काम नाही म्हणून ती फेटाळली. २०२४-२५ ला आपली संरक्षण निर्यात २३,६२२ कोटींची झाली, तेव्हा तुमच्या खासदारांना हा प्रश्न संसदेत टाकायला सांगा की, तेवढं तरी करता येतं.