सांभाळणारी बाई टिकत नसेल तर आधी तिच्या कामाच्या पाळीची वेळ बघा

डिमेन्शिया (विस्मरणाचा आजार) असलेल्या आईला सांभाळायला ठेवलेली 4 महिन्यांत तिसरी बाई निघाली, आई तिच्यावर चोरीचा आळ घेते आणि संध्याकाळी 'घरी जायचंय' म्हणून दाराशी उभी राहते, असं तुम्ही इंदूरहून लिहिलंय. पहिल्यांदा एक तपासा: हे हळूहळू वाढत आलंय की गेल्या 2-4 दिवसांत एकदम? एकदम असेल तर डिमेन्शियाला दोष देऊन मोकळे होऊ नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, सर्दीसाठी घेतलेली क्लोरफेनिरामिनची गोळी, यांपैकी काहीतरी बहुधा सापडतं. म्हातारपणी संसर्गात ताप येतोच असं नाही. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. लघवी तपासून घ्या, रक्तातलं सोडियमही.

हळूहळूच असेल, तर पाळी बघा. ब्यूरोच्या (बाई पुरवणाऱ्या संस्थेच्या) बायका बहुतेक 8 ते 8 असतात. संध्याकाळी बाई पिशवी उचलते, चपला घालते, 'माताजी, चलती हूँ' म्हणते, आणि या आजारात तीच वेळ सगळ्यात वाईट. ती निघाली की आईलाही निघायचं असतं. पाळी दुपारी 3 ला बदलून मागा. ब्यूरो ऐकत नसेल तर पिशवी-चपला आईच्या नजरेआड ठेवायला सांगा आणि बाईला निरोप न घेता जाऊ द्या. दिवेलागणीच्या तासभर आधीच दिवे लावून पडदे ओढा. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी घरात कोणी शिरलंय असं वाटतं. 'अगं, हेच तुझं घर' असं समजावत बसू नका. त्या घरात कोण कोण असायचं, ते विचारा.

इंदूरच्या मराठी घरांत आणखी एक घोळ असतो. आईनं शेजारपाजार, बाजार सगळं हिंदीत केलं असलं तरी नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी सुटते, आणि बाईला मराठी येत नाही. 'पाणी ऊन आहे' म्हटलं की तिला लोकर आठवते; 'खाली' म्हणजे रिकामं. 'परसाकडे जायचंय' तर तिच्या डोक्यावरून जातं, साडी भिजते आणि दोघी चिडतात. बरं, लिपी एकच आहे. आई वापरते तेच 20 शब्द मोठ्या अक्षरांत लिहून बाथरूमच्या दारावर लावा: ऊन म्हणजे गरम, गार म्हणजे ठंडा, चूळ म्हणजे कुल्ला.

आता चोरी. पाकीट आई स्वतःच लपवते (गादीखाली, तांदळाच्या डब्यात, साडीच्या घडीत, देवांच्या मागे), मग लपवल्याचं विसरते. पाकीट जागेवर नाही आणि घरात परकी बाई आहे, एवढंच तिला दिसतं. नव्या बाईला पहिल्याच दिवशी, आईच्या माघारी, स्पष्ट सांगा की हा आळ येणार आणि आम्ही तो खरा मानणार नाही. हे माहीत नसलेली बाई पोलिसांच्या भीतीनंच पळते. खरे दागिने ती यायच्या आधी लॉकरमध्ये. आईच्या पाकिटासारखंच दुसरं पाकीट आणून त्यात 10-20 च्या नोटा ठेवा. आणि हे महत्त्वाचं: पाकीट सापडलं तरी बाईनं ते आणून हातात देऊ नये, नाहीतर 'बघा, हिच्याकडेच होतं!' सोबत शोधावं, गादीचा कोपरा उचलावा आणि आईलाच ते दिसू द्यावं.

अंघोळ रोज हवीच हा हट्ट सोडा. आठवड्यातून 3 दा पुरते, एरवी ओल्या टॉवेलनं पुसून घ्या. बादली आधीच भरलेली असावी, कारण नळाच्या आवाजानं काहीजण बिथरतात. पाणी पायांपासून, डोक्यावर सगळ्यात शेवटी, आणि खांद्यावर पंचा राहू द्या.

झोपेची गोळी बाईच्या सांगण्यावरून वाढवू नका. रात्री तोल जाऊन खुबा मोडतो.

नवी बाई आली की पहिल्या दिवशी अंगाला हात लावणं नाही. शेजारी बसून नुसता बटला (मटार) सोलायचा. दुसऱ्या दिवशी ताट वाढायचं, तिसऱ्या दिवशी वेणी-फणी, अंघोळ त्यानंतर. हे 3 दिवस घरातल्या कुणीतरी रजा काढावी. बाईला आठवड्याची सुट्टी द्याच, पण बदलीवर येणारी दर वेळी तीच मागा. दर सुट्टीला नवा चेहरा आला की पुन्हा बटल्यापासून सुरुवात.