आधी खाली बघ

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

मंगळवारी जिन्यात तू आपल्या वाचनालयाच्या पानावरची, आता तूच सांभाळतोस त्या पानावरची, पोस्ट दाखवायला फोन पुढे केलास आणि म्हणालास, "मावशी, एकेचाळीस लाइक. त्यातले आठ कमिटीतलेच." वर हसलास. ते हसू मला आवडलं नाही. घरी येऊन भाकऱ्या थापतानाही तेच डोक्यात होतं, म्हणून हे कागदावर लिहितेय. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लांबलचक पाठवलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास.

अध्यक्ष म्हणतात ट्रेंडिंग गाण्यावर रील कर. खजिनदार म्हणतात दोन हजार घालून पोस्ट बूस्ट कर, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखव (दोन हजार! तुटक्या खुर्च्यांना हा माणूस दोनशे देत नाही). व्याख्यानमालेच्या पोस्टरवर चौदा नावं हवीत, प्रत्येकाचा गोल फोटो हवा, आणि वक्ता कोपऱ्यात मावला तर मावला. तू विचारलंस, कोणाचं ऐकू? कोणाचंच ऐकू नकोस. आधी खाली बघ. पोस्टखाली लोकांनी काय विचारलंय ते वाच, उत्तर दे, आणि मग वर काय टाकायचं ते ठरव.

रात्री बसून मी तुझ्या गेल्या वीस पोस्ट पाहिल्या. सतरा प्रश्न होते, उत्तरं दोन. त्यातलं एक म्हणजे जोडलेले हात. "दिवाळी अंक योजनेची वर्गणी किती?" याला जोडलेले हात? काउंटरवर कोणी वर्गणी विचारली असती तर नमस्कार करून आत निघून गेला असतास का?

तुला २९ ऑगस्ट २०१७ आठवत नसेल, शाळेत असशील. गणपतीचे दिवस होते. दुपारपर्यंत मुंबईत पाऊस असा कोसळला की लोकल ठप्प झाल्या आणि हिंदमाताला नेहमीसारखं पाणी भरलं. माणसं रुळांवरून चालत होती. ट्विटरवर अनोळखी लोक स्वतःच्या घरचे पत्ते टाकत होते, या, चहा घ्या, रात्र काढा म्हणून. गणपती मंडळं जेवण देत होती. आपलं वाचनालय पहिल्या मजल्यावर. साठ खुर्च्या, पंखे, पिण्याचं पाणी. किल्ली मागच्याच चाळीत शिपाईकाकांकडे. एक फोन केला असता तर दहा मिनिटांत हॉल उघडला असता.

मी भांडुपला घरी होते आणि आपलं पान माझ्याकडे होतं. आदल्या रात्रीच मी गौरी-गणपतीच्या शुभेच्छांची पोस्ट वेळ लावून ठेवली होती. ती बरोबर सहाला पडली. झेंडूची चौकट, मधोमध आपलं बोधचिन्ह. खाली एका मुलीने विचारलं होतं, "हॉल उघडा आहे का? आम्ही पाचजणी केईएम हॉस्पिटलपाशी अडकलोय." पावणेसातला तिनेच पुन्हा लिहिलं, "कोणी आहे का?"

मी ते वाचलं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला. त्या सुखरूप होत्या, कोणीतरी आसरा दिला होता. तिने मला रागाचा एक शब्दही लिहिला नाही, फक्त नंतर पान अनफॉलो केलं. दोन वर्षं मी स्वतःला समजावत राहिले की माझी वीज गेली होती. वीज गेली होती हे खरं. पण वीज जाण्याआधी तासभर मी टीव्हीवर पावसाच्याच बातम्या बघत होते, हेही खरं.

तेव्हापासून मी एक नियम केला. पोस्ट टाकली की पुढचा तास फोन सोडायचा नाही. वेळ लावून टाकायची असेल तर त्या वेळी आपण जागेवर हवं. आणि शहरात काही घडलं असेल, पाऊस, बंद, कोणाचं जाणं, तर लावलेल्या पोस्ट आधी काढायच्या.

अध्यक्ष तुला मुंबई पोलिसांचं उदाहरण देतात ना? मलाही द्यायचे. त्यांचं ट्विटर खातं डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालं आणि शाब्दिक कोट्यांमुळे गाजलं. कोट्या सगळ्यांना दिसतात. तक्रार करणाऱ्याला "तुमचा नंबर डीएम करा", म्हणजे खासगी मेसेजने कळवा, असं सांगणारी कंटाळवाणी उत्तरं कोणी फॉरवर्ड करत नाही. पण माणूस परत येतो तो त्या उत्तरांसाठी. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की पानांच्या पोस्टपेक्षा घरच्यांच्या, मित्रांच्या आणि आपसात बोलणं घडवणाऱ्या पोस्ट पुढे दाखवू. कमिटीत सगळे कपाळाला हात लावून बसले. मी म्हटलं, मी वेगळं काय सांगत होते?

माझ्याकडून पान का काढून घेतलं, हे तुला कोणीतरी सांगितलं असेलच. मीही सांगते. एका बाईंनी लिहिलं, स्वच्छतागृह महिनाभर बंद आहे, सत्तरीच्या माणसांनी कार्यक्रमाला यायचं कसं? कमिटीचा निरोप आला, कमेंट उडव. मी उडवली नाही. लिहिलं, "खरं आहे. प्लंबरचे पैसे मंजूर व्हायचेत." मग सभा झाली, आवाज चढले, "संस्थेची बदनामी" वगैरे. पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली आणि महिन्यात मी बाहेर. माझं तेव्हाही बरोबर होतं, आजही आहे. रात्री दीड वाजता त्याच धाग्यात एका सभासदाशी मी जरा जास्तच भांडले, तेवढं सोड. तू दीडला लिहू नकोस.

बाकी गोष्टी चटकन सांगते. पत्ता आणि वेळ पोस्टरच्या चित्रातच कोंडू नकोस, वर मजकुरातही लिही. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो. इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये लिंक उघडत नाही, ती टाकून "वरील लिंकवर नोंदणी करा" म्हणणं म्हणजे भिंतीवर दार रंगवणं. स्टेशन लिही, पूर्व की पश्चिम लिही, जिना किती पायऱ्यांचा आणि लिफ्ट नाही हेही लिही. इन्स्टावर अनोळखी माणसाचा मेसेज रिक्वेस्टच्या वेगळ्या कप्प्यात पडतो, तो रोज उघड. आणि व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी फक्त त्यांनाच पोचते ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये ठेवलाय. तुझ्या यादीत दोनशे नावं असतील, पोचत असेल निम्म्यांना. काउंटरवर येणाऱ्याला तिथल्या तिथे नंबर सेव्ह करायला लाव. लाजायचं काय त्यात?

सभासदांचे फोन नंबर वहीत मात्र हवेतच. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम सहाएक तास बंद पडले होते. ऑर्कुट तर ३० सप्टेंबर २०१४ ला कायमचं गेलं, आणि त्यावरची आपली सगळी मंडळीही.

रील कर, मी नाही म्हणत नाही. कपाटं झाडतानाची शिपाईकाकांची केलीस तर मी पहिली बघेन. पण त्याखाली कोणी विचारलं की हे पुस्तक घरी मिळतं का, तर? तर काय करायचं ते आता तिसऱ्यांदा लिहायला लावू नकोस. बूस्टचे दोन हजार घेऊन ठेव आणि कोणाला तरी संध्याकाळी सहा ते आठ उत्तरं द्यायला बसव. मानधन म्हणून दे, फुकट राबवू नकोस. मला राबवलं होतं.

काल रात्रीच्या पोस्टखाली एकाने विचारलंय, रविवारी किती वाजता उघडता. आज दुपारपर्यंत तरी तसंच होतं. मला उत्तर माहीत आहे, बोट दोनदा पुढे गेलं आणि मागे घेतलं. ते आता माझं पान नाही.

तुझी,
मावशी